पेन्सिलीची फुली

हेडसाहेबांचा धाकटा भाऊ बुधवारी दुपारी स्कूटरसकट उचलला गेला. बोलायची पद्धत म्हणून नव्हे, खरोखरच उचलला गेला. स्कूटर ‘येथे वाहने उभी करू नयेत’ या पाटीलाच टेकून उभी होती. उचलणारी गाडी आली तसा धाकटा धावत जाऊन स्कूटरवर बसला आणि म्हणाला, माणूस बसलेलं वाहन उचलता येतं हा नियम दाखवा. त्या लोकांनी नियम दाखवण्यात वेळ घालवला नाही. पुढचे तीन चौक धाकटा जमिनीपासून चार फूट उंचावरून, हेल्मेट घालून, हँडल घट्ट धरून गेला. वाटेत त्याचे दोन विद्यार्थी भेटले, त्यांनी हात केला. विद्यार्थी म्हणजे मोटार शिकणारे. गाडी कुठे उभी करावी आणि कुठे करू नये हे लोकांना शिकवण्याचा धाकट्याचा धंदा एकोणीस वर्षांचा.

तिथेच दंड भरून मोकळा झाला असता तर पुढचं काहीच घडलं नसतं. पण जप्त गाड्यांच्या आवारात त्याने पावती फाडणाऱ्याच्या हातातलं पावतीपुस्तक ओढलं आणि शेजारच्या पाण्याच्या टाकीत टाकलं. संध्याकाळी पोलीस ठाण्यातून हेडसाहेबांना फोन आला, तोवर या प्रकाराला ‘सरकारी कामात अडथळा’ असं नाव मिळालं होतं आणि पुस्तक वाळत घातलं होतं.

हेडसाहेब म्हणजे सरकारी कचेरीतल्या आवक-जावक विभागातून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झालेले गृहस्थ. ते राहत त्या इमारतीतल्या कुणाचाही अर्ज त्यांच्या हाताखालून गेल्याशिवाय पुढे जात नसे. त्यांची एक पद्धत होती. अर्ज स्वतः भरायचा, जिथे सही हवी तिथे पेन्सिलीने बारीक फुली मारायची आणि माणसापुढे सरकवून म्हणायचं, “फुलीवर सही करा. जरा दाबून, खाली कार्बन आहे.” लोक वाचत नसत. वाचायचं कशाला, हेडसाहेबांनी वाचलं होतं ना. घरीही तीच पद्धत. बायकोने सव्वीस वर्षांत शेकडो फुल्यांवर सह्या केल्या असतील. ती घरी बसून कपड्यांवर भरतकाम करून देई, आणि नक्षी कापडावर उतरवायला लागणारे कार्बन हेडसाहेब कचेरीतून आणत. संसारात कार्बनची कधी ददात पडली नाही.

तर फोन ठेवल्यावर हेडसाहेबांनी नवी फाइल काढली, तिच्यावर ‘धाकटा – जामीन’ असं लिहिलं आणि मग ते मटकन खुर्चीत बसले. कारण धाकट्याला बंद खोली सोसत नाही. तो लिफ्टमध्ये चढत नाही, भावाकडे यायचं तर चार मजले धापा टाकत जिन्याने येतो. न्हाणीघराचं दारसुद्धा लावून घेत नाही. आत माणूस आहे हे कळावं म्हणून मोठमोठ्याने गातो. असला माणूस कोठडीत होता. त्यातून शनिवार, रविवार आणि सोमवार कोर्टाला सुट्टी. शुक्रवारी संध्याकाळपर्यंत सुटला नाही तर ते तीन दिवस त्याला मोठ्या तुरुंगात काढावे लागणार होते. तीनही दिवस तो तिथे गात बसला असता.

बायकोला त्यांनी एवढंच सांगितलं की धाकट्याचं जरा काम निघालंय. तिने ऐकलं आणि सुईत दोरा ओवला. धाकट्याशी ती अकरा वर्षं बोलत नव्हती.

गुरुवारी सकाळी प्रश्न उभा राहिला तो वकिलाचा. ‘फौजदारी वकील’ हे शब्द जिन्यात मोठ्याने उच्चारायचे कसे? हेडसाहेब खालच्या औषधाच्या दुकानात गेले, खोकल्याच्या दोन गोळ्या घेतल्या आणि सहज आठवल्यासारखं म्हणाले, “आमच्या एका स्नेह्यांना फौजदारी वकील हवाय. चांगला आहे का कुणी ओळखीत?”

केमिस्टने गोळ्यांचे पैसे घ्यायचं नाकारलं. “असू द्या हो,” तो हळूच म्हणाला. “माणसाच्या हातून होतं कधीकधी.”

दहा वाजेपर्यंत बातमी चारही मजले चढून गेली, आणि बातमी अशी होती की हेडसाहेबांनी कचेरीत असताना केलेलं काहीतरी आता बाहेर आलंय. इमारतीचे खजिनदार स्वतः वर आले. चहा नको म्हणाले, दार लावून घेतलं आणि म्हणाले, “परत करून टाका, हेडसाहेब. परत केलं की निम्मं मिटतं.”

“काय परत करू?”

“ते तुम्हालाच ठाऊक. मी विचारणार नाही.”

दुसऱ्या मजल्यावरच्या निवृत्त मास्तरांनी सल्ला दिला की कुणी काही विचारलं तर छातीत दुखतंय म्हणावं, दवाखान्यात खाट तरी मिळते. समोरच्या बाईंनी पेन्शनचे कागद तपासायला दिले होते, ते “जरा लागतायत” म्हणून परत मागितले आणि परत घेताना दारातच उभं राहून मोजले. चौतीस वर्षांत हेडसाहेबांकडून एक कागद गहाळ झाला नव्हता. त्यांना इतकं लागलं की खरं सांगून टाकावंसं वाटलं; पण खरं सांगायचं तर भाऊ स्कूटरवर बसून हवेतून गेला हे सांगावं लागणार होतं. त्यापेक्षा अफरातफर बरी.

खजिनदारांनी दिलेल्या पत्त्यावरचा वकील काचेच्या दारामागे माशांच्या टाकीशेजारी बसला होता. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि खेदाने मान हलवली. “मी मृत्युपत्रं करतो. आमचे पक्षकार सहसा वारलेले असतात. तुम्ही कोर्टाच्या मागच्या फाटकाकडे जा.”

मागच्या फाटकाशी झेरॉक्सच्या दुकानाला लागून वकीलबाईंचं टेबल होतं. टेबल सायकलच्या साखळीने कुंपणाला बांधलेलं. बाई पन्नाशीच्या, चष्मा दोरीने गळ्यात, एका हाताने शेंगदाणे सोलत दुसऱ्या हाताने लिहीत होत्या. हेडसाहेबांनी घसा साफ केला आणि आपल्या एका स्नेह्यांची हकीकत सुरू केली.

“भाऊ की मुलगा?” बाईंनी मान वर न करता विचारलं.

“भाऊ.”

“बसा. पावतीपुस्तकवाला ना? सकाळपासून कोर्टात तेच चाललंय.”

बाई दुपारी उभ्या राहिल्या आणि पाच मिनिटांत जामीन मिळाला. हेडसाहेबांचे डोळे भरून आले. ते भावाला घ्यायला निघालेसुद्धा. बाईंनी त्यांच्या फाइलीचं टोक धरून त्यांना थांबवलं.

“जामीन मंजूर झालाय, माणूस सुटला नाही अजून. आता जामीनदार लागेल.”

“पैसे किती भरायचे?”

“आज काही भरायचं नाही. तुमच्याकडून कोर्टाला शब्द हवाय. हा माणूस दर तारखेला हजर राहील, नाही राहिला तर ठरलेली रक्कम माझ्याकडून वसूल करा, असं लिहून द्यायचं. त्याला बंधपत्र म्हणतात. आता असा शब्द कुणीही देईल, म्हणून कोर्ट बघतं की शब्द देणाऱ्याचं या जगात काही आहे का. घर, दुकान, काहीतरी. ज्याच्या नावावर काही नाही त्याच्या शब्दाला इथे कुणी विचारत नाही. तुमचं घर आहे ना?”

“स्वतःचं आहे,” हेडसाहेब ताठ होऊन म्हणाले.

“मग उद्या घरपट्टीची पावती, ओळखपत्र आणि फोटो घेऊन या.”

जाताना कोर्टाच्या ओसरीत कडक इस्त्रीचा एक गृहस्थ त्यांच्या बाजूने चालू लागला. “जामीनदार हवाय? मी होतो की तुमचा मामा. घराच्या कागदांसकट. परवाच एकाचा सासरा झालो होतो.”

हेडसाहेब जागीच थांबले. खोट्या कागदावर आपण जन्मात शिक्का मारलेला नाही, आणि असले मामा आपल्या कचेरीत आले असते तर आपण त्यांना पोलिसांत दिलं असतं, असं त्यांनी सगळ्या ओसरीला ऐकू जाईल इतक्या आवाजात सांगितलं. मामा रागावला नाही. “उद्या पाचपर्यंत मी इथेच असतो,” म्हणाला.

शुक्रवारी सकाळी हेडसाहेब एक्केचाळीस कागद घेऊन हजर झाले. जामिनाच्या टेबलावरच्या कारकुनाला पाहून त्यांना बरं वाटलं. टोकदार पेन्सिली, शाईच्या पॅडवर झाकण, रांगेतल्या माणसाकडे न बघता हात पुढे करण्याची ढब. आपल्याच जातकुळीतला माणूस, असं त्यांना वाटलं. “मीही आवक-जावकला होतो,” ते आपुलकीने म्हणाले. कारकुनाने घरपट्टीची पावती उचलली, चष्म्यातून एकदा वाचली, चष्म्यावरून एकदा वाचली आणि परत सरकवली.

“या कोण?”

“आमच्या मंडळी. ते नावापुरतं आहे.”

“नाव त्यांचं आहे ना? मग त्यांना आणा.”

“अहो, बाईच्या नावावर घेतलं की नोंदणीला सूट मिळते म्हणून केलं होतं. घर माझंच आहे. सगळे व्यवहार मीच बघतो.”

“तसा कागद आहे?”

एक्केचाळीस कागदांत तसा कागद नव्हता. हेडसाहेबांनी फाइल दोनदा उलटीसुलटी केली आणि त्यांच्या हळूहळू ध्यानात आलं की फ्लॅट बायकोचा, त्यातलं कपाट तिच्या माहेरचं, आणि स्वतःच्या नावावर म्हणावं असं निवृत्तीच्या वेळी मिळालेलं भिंतीवरचं घड्याळ तेवढं आहे. तेही मागे पडायचं.

ओसरीत येऊन त्यांनी खजिनदारांना फोन लावला. अब्रू गुंडाळून ठेवून सगळं खरं सांगितलं, स्कूटर हवेतून गेल्यासकट. खजिनदार खूप हसले. मग जामीन राहाल का म्हटल्यावर म्हणाले, “घरात विचारून सांगतो,” आणि त्यांचा फोन बंद झाला. मास्तरांनी आपल्या छातीत दुखतंय असं कळवलं. गेल्या दोन दिवसांत सल्ला सगळ्या इमारतीने दिला होता, सही द्यायला एकही माणूस नव्हता. मामा खांबाला टेकून उभा होता. त्याने नुसती मान झुकवली.

हेडसाहेब दुपारी दोनला घरी पोचले. बायको एका परकरावर मोर उतरवत होती. त्यांनी सगळं सांगितलं आणि शेवटी नेहमीच्या सुरात म्हणाले, “तर तू नुसतं यायचं आणि फुलीवर सही करायची.”

तिने हातातलं काम बाजूला ठेवलं. “भावजी कुठे आहेत?”

“कोठडीत.”

“दार बंद असतं?”

“कोठडीचं दार बंदच असणार ना.”

ती गॅलरीकडे बघून म्हणाली, “गॅलरीतले त्यांचे टायर हलवा म्हटलं होतं मी. शिवणाचं मशीन ठेवायला जागा हवी होती. तेव्हा ते काय म्हणाले होते, आठवतंय?”

“जुनं कशाला काढतेस?”

“म्हणाले, वहिनी, या घरात तुमचं आहे काय? तुम्ही तिथेच पेपर वाचत होता. घरपट्टीची पावती तुमच्या मागच्या कपाटात होती. एक शब्द बोलला असतात तर चाललं असतं. तुम्ही पान उलटलंत.”

हेडसाहेबांना ते पान आठवत नव्हतं. टायर मात्र अजून गॅलरीत होते, आणि मशीन पलंगाखाली. आपण तेव्हा बोलायला हवं होतं, हे त्यांना इतक्या स्वच्छपणे कळलं की ते पाणी प्यायला उठले.

ते परत आले तेव्हा बायकोने चपला घातल्या होत्या. “त्यांच्यासाठी येतेय असं समजू नका,” ती म्हणाली. “बंद दाराआड कुणाला ठेवू नये, म्हणून येतेय.” आणि जाताना तिने वाचायचा चष्मा बरोबर घेतला.

चष्म्याने पाऊण तास खाल्ला. वकीलबाईंनी बंधपत्र पुढे ठेवलं, हेडसाहेबांनी सवयीने खिशातली पेन्सिल काढून फुली मारली, कारकून ओरडला की कोर्टाच्या कागदावर रेघोट्या मारायच्या नाहीत, आणि फुली खोडेपर्यंत बायको पहिल्या ओळीपासून वाचायला बसली होती. ती बोट ठेवून वाचत होती. भिंतीवर साडेचार झाले.

“अगं, मी वाचलंय ते.”

“तुम्ही जामीन राहताय का?”

हेडसाहेबांनी पेन्सिल खिशात ठेवली. तिने वकीलबाईंना विचारलं, रक्कम हप्त्याने घेतात का, भावजी आजारी पडले तर काय, आणि पुढे कधी मला यातून बाहेर पडायचं असेल तर पडता येतं का. वकीलबाईंनी शेंगदाणे खिशात टाकले आणि सगळं नीट समजावून सांगितलं. मग बायकोने पेन घेतलं आणि सही केली. साधी, सरळ, शाळेतल्या मुलीसारखी अक्षरं.

कारकुनाने ओळखपत्र सहीशेजारी धरलं. एकदा चष्म्यातून पाहिलं, एकदा चष्म्यावरून.

“ही सही जुळत नाही.”

ओळखपत्राची मुदत संपली त्या वर्षी बायको माहेरी गेलेली होती. अर्जाची शेवटची तारीख होती, आणि एका सहीसाठी कुणाची वाट कशाला बघायची, म्हणून हेडसाहेबांनी तिची सही स्वतःच करून टाकली होती. चांगली झोकदार, शेवटी वळसा घेऊन खाली रेघ आणि रेघेखाली दोन टिंबं. पुढे बँकेत, घरपट्टीला, सगळीकडे तीच चालू राहिली. यात काही वावगं आहे असं त्यांना कधी वाटलं नव्हतं. आता फौजदारी कोर्टातल्या टेबलासमोर उभं राहिल्यावर पहिल्यांदाच वाटलं, आणि त्यांच्या कानाच्या पाळ्या गरम झाल्या.

“बाई, ही सही तुमची ना?” कारकुनाने बंधपत्रावर पेन्सिल टेकवली.

“माझीच.”

“मग कार्डावरची कुणाची?”

हेडसाहेबांनी तोंड उघडलं. वकीलबाईंनी त्यांच्या चेहऱ्याकडे एकदा पाहिलं आणि सगळं ओळखलं. “तुम्ही काही बोलू नका,” त्या ओठ न हलवता म्हणाल्या. “तुमची केस झाली तर फी वेगळी पडेल.”

पाच वाजायला दहा मिनिटं होती. कारकुनाने शाईच्या पॅडचं झाकण हातात घेतलं.

“घाईत झाली,” बायको म्हणाली. “कोरं बंधपत्र द्या.”

मजकूर भरून होईपर्यंत ती ओळखपत्राकडे पाहत राहिली. मग तिने सही केली. झोकदार, शेवटी वळसा, खाली रेघ, आणि रेघेखाली दोन टिंबं. कारकुनाने कार्ड लावून पाहिलं. खात्रीसाठी म्हणून त्याने वेगळ्या कागदावर आणखी दोन करायला लावल्या. तिने त्याही केल्या, तंतोतंत. हेडसाहेबांना स्वतःला इतकी हुबेहूब कधी जमली नव्हती.

“आता कशी जुळली,” म्हणून कारकुनाने शिक्का मारला. त्याच्या तोंडावरचं समाधान हेडसाहेबांना ओळखीचं होतं.

ओसरीत आल्यावर त्यांनी हळूच विचारलं, “तुला ती कधीपासून येते?”

“नमुना दोनदा पाहिला की मला उतरवता येतो. हा तर वर्षानुवर्षं पाहिलाय. माझी सही विसरत चालले होते, तीच आज मोठ्या हौसेने केली. ती खोटी ठरली.”

खांबापाशी मामा उभा होता. या वेळी त्याने बायकोकडे पाहून मान झुकवली, हाताखालच्या माणसाने वरच्या माणसापुढे झुकवावी तशी. हेडसाहेबांनी मान फिरवली.

धाकटा साडेसहाला सुटला. त्याचा आवाज पूर्ण बसला होता. दोन दिवस गात होता म्हणे. चार मजले चढून तो दारात उभा राहिला. सुनावणी होईपर्यंत त्याने जामीनदाराच्या पत्त्यावर राहायचं अशी कोर्टाची अट होती.

“तारखेला सकाळी नऊला तयार राहायचं,” वहिनी म्हणाली. अकरा वर्षांतलं तिचं पहिलं वाक्य ते. “तुम्ही गेला नाहीत तर पैसे माझ्याकडून वसूल होतील. माझं घर आहे म्हणून त्यांनी मला जामीन घेतलंय.”

“तुमचं?” धाकट्याने थोरल्याकडे पाहिलं.

हेडसाहेब पंख्याकडे बघत होते. या वेळीही एक शब्द बोलले असते तर चाललं असतं.

“आत या,” ती धाकट्याला म्हणाली. “दार उघडंच ठेवते.”

शनिवारी सकाळी धाकट्याने गॅलरीतले टायर एकेक करून खाली नेले, जिन्यानेच. इमारतीत आता पक्कं झालं होतं की हेडसाहेबांना बायकोने जामिनावर सोडवून आणलंय. केमिस्टने टायर उतरताना पाहून विचारलं की घरावर जप्ती आली का. हेडसाहेब खुलासा करायला म्हणून खाली गेले, आणि काय खरं आणि काय नाही याची मनाशी जुळवाजुळव करत खोकल्याच्या गोळ्या घेऊन परत आले.

वर येऊन पाहतात तो गॅलरीत मशीन मांडलेलं, धाकटा त्याला तेल देतोय, आणि बायको त्यांच्या टेबलाशी, त्यांच्या खुर्चीत बसलेली. पुढ्यात एक कागद होता. मजकुरावर तिने परकराचं कापड झाकलं होतं, खालची बोटभर पट्टी तेवढी उघडी होती. त्या पट्टीवर पेन्सिलीने एक बारीक फुली होती.

“काय आहे हे?”

“नावापुरतं आहे.”

“वाचू दे तरी.”

तिने चष्म्यावरून त्यांच्याकडे पाहिलं. हेडसाहेबांनी झाकलेल्या कापडाकडे पाहिलं, गॅलरीतल्या मशीनकडे पाहिलं, कपाटातल्या फायलींच्या रांगेकडे पाहिलं. मग त्यांनी खिशातलं पेन काढलं आणि उभ्याउभ्याच वाकून फुलीवर टेकवलं.

“जरा दाबून करा,” बायको म्हणाली. “खाली कार्बन आहे.”